लेकीच्या घरी सहा महिने

दिवाळीचे डबे तळाला गेले की आमच्या ठाण्याच्या आळीत एक निराळाच हंगाम सुरू होतो. तो म्हणजे अमेरिकेस जाणाऱ्या आजी-आजोबांचा. कोणाच्या तरी दिवाणखान्यात तानकाटा टांगलेला दिसतो. त्याला बॅग लटकावून आजोबा चष्मा कपाळावर सारतात आणि तेविसाचा आकडा शोधतात. आजीबाई भाजणीच्या पिशवीतून दोन मुठी भाजणी काढतात, आणि आजोबांची पाठ वळली की एक मूठ परत घालतात. मेतकूट, गोडा मसाला, हळिवाचे लाडू, नातवंडासाठी जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, काही म्हणता काही राहत नाही. राहतो तो एकच कागद. बॅगांना कुलपे लागली, आळीतली मंडळी निरोप घेऊन गेली, की कोणाला तरी आठवते, "अरे, विम्याचं काय केलंत?"

फार्सीत 'बीम' म्हणजे भय. विमा हा शब्दही आपल्याकडे फार्सीतूनच आला, आणि या दोघांची सोयरीक आमच्या लोकांना मनातून पटलेली दिसते. विम्याचे नाव काढणे म्हणजे अशुभ बोलणे! वास्तविक आपल्या पेढ्यांवर एके काळी 'जोखमी हुंडी' चालत असे. माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे मिळत. वाटेत गलबत बुडाले तर हुंडीही बुडाली. म्हणजे सुपारीचा आणि कापसाचा विचार आमचे पूर्वज करीत होते. आई-वडिलांना सातासमुद्रापार धाडताना मात्र आम्ही तो करीत नाही.

हे मी दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. आमच्याच घरी हा हंगाम २०२४ साली आला. माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिचे पहिले बाळंतपण डिसेंबरात होते. आई जाणार हे ठरलेलेच होते. आणि आई जाणार म्हणजे आप्पाही जाणार, कारण एकट्या आप्पांना इथे चहा करता येत नाही. आप्पांचे वय बहात्तर. टपाल खात्यातून निवृत्त झालेले. रक्तदाबाची गोळी चौदा वर्षे चालू, साखर काठावर. प्रकृतीबद्दल विचारले की "ठणठणीत" या एकाच शब्दात उत्तर. १० नोव्हेंबरची तिकिटे निघाली, आणि त्याआधी एका संध्याकाळी विम्याचा एजंट आमच्याकडे फॉर्म घेऊन आला.

फॉर्म भरण्याचे काम घरातला मास्तर म्हणून माझ्याकडे आले. नाव, पत्ता, पासपोर्टचा नंबर इथवर गाडी बिनबोभाट चालली. पुढे रकाना आला: पूर्वीपासून असलेले आजार. मी लेखणी थांबवून आप्पांकडे पाहिले.

"लिही, नाही," आप्पा म्हणाले.

"आप्पा, रोज गोळी घेता तुम्ही."

"गोळी घेतो म्हणूनच आजार नाही."

या तर्कशास्त्रापुढे मी निरुत्तर झालो. एजंटानेही त्यांचीच री ओढली. "सर, सगळे 'नाही'च लिहितात. रक्तदाब दाखवलात तर हप्ता अकरा हजारांनी वाढेल. शिवाय कंपनी तपासण्या करायला सांगेल." अकरा हजार म्हटल्याबरोबर आप्पांनी माझ्याकडे जिंकल्याच्या नजरेने पाहिले. आणि खरे सांगायचे तर माझाही हात 'नाही'कडे वळू लागला होता. दिवसभर वर्गात शब्दाची किंमत शिकवणारा मी. पण अकरा हजार ही रक्कम प्राध्यापकाच्या खिशाला अपरिचित असल्याने तिचा दरारा फार.

इतक्यात आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. तिने आमच्या आळीतल्याच एका गृहस्थांची आठवण दिली. ते मुलाकडे टेक्सासला गेले होते. फॉर्मवर 'नाही' लिहून गेले होते. तिथे पायाला जखम झाली, ती चिघळली, इस्पितळात ठेवावे लागले. कंपनीने इथल्या डॉक्टरकडून जुने कागद मागवले, त्यात सहा वर्षांचा मधुमेह निघाला, आणि पैसे देण्याचे नाकारले. मुलगा अजून त्या बिलाचे हप्ते फेडतो आहे.

"त्यांचा तो मुलगा तरी होता," आई म्हणाली. "आपण जावयाच्या दारात चाललोय. उद्या काही झालं आणि बिल त्यांच्या डोक्यावर आलं, तर मी लेकीला तोंड कसं दाखवू? खरं काय ते लिही."

आप्पा काही बोलले नाहीत. मी लिहिले: रक्तदाब, चौदा वर्षे. एजंटाने घड्याळाकडे पाहिले.

त्या आठवड्यात मी परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यासारखा या विषयाचा अभ्यास केला. जे समजले ते इथे सांगतो. कोणाच्या तरी घरी तानकाटा टांगलेला असेलच.

पहिली गंमत ही की, जिथे आजारपण सर्वांत महाग तिथेच विम्याची सक्ती नाही. युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा हवा तर निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. कॅनडात मुलांकडे दीर्घकाळ राहण्यासाठी आई-वडिलांना जो 'सुपर व्हिसा' मिळतो, त्याला निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आणि किमान वर्षभराचा विमा लागतो. इंग्लंडात पाहुण्याला तातडीच्या विभागात फुकट तपासतात, पण इस्पितळात दाखल करून घेतले की सरकारी दराच्या दीडपट आकारणी. अमेरिकेचा पाहुण्याचा व्हिसा मात्र विम्याबद्दल चकार शब्द विचारीत नाही. त्यामुळे आपल्या माणसाला वाटते, विचारीत नाहीत त्या अर्थी लागत नसेल.

आप्पांचा दुसरा मुद्दा असा होता की, तिथे म्हाताऱ्यांची सोय सरकार करते. करते खरे. १९६५ च्या कायद्याने तिथे 'मेडिकेअर' आली आणि पासष्टी उलटलेल्यांना तिचा आधार झाला. पण ती तिथल्या म्हाताऱ्यांसाठी. सहा महिन्यांच्या पाहुण्याचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. ग्रीन कार्ड घेऊन कायम राहायला गेलेल्या आई-वडिलांनादेखील ती पैसे भरून घ्यायची तर आधी सलग पाच वर्षे तिथे काढावी लागतात. जावयाच्या नोकरीतला विमा बायको-मुलांपुरता असतो. सासू-सासरे त्यात बहुधा बसत नाहीत. आणि आपला इथला मेडिक्लेम, ज्याचे कार्ड आप्पा पाकिटात देवाच्या तसबिरीमागे जपून ठेवतात, तो सामान्यतः हिंदुस्थानच्या वेशीपाशी थांबतो.

मग पॉलिसी घ्यायची कोठली? इथल्या कंपनीची की तिथल्या? इथली घ्यायची तर विमानात पाय ठेवण्यापूर्वी घ्यावी लागते. तिथली पोचल्यावरही मिळते. इथल्या पॉलिसीत आकडा मोठा दिसतो, पन्नास हजार डॉलर, एक लाख डॉलर. पण साठी उलटलेल्यांसाठी पुष्कळदा आत बारीक अक्षरांत पोटमर्यादा असतात. खोलीचे रोज इतकेच, शस्त्रक्रियेचे इतकेच. बाहेरून वाडा, आत खण मोजून दिलेले! तिथल्या पाहुण्यांच्या पॉलिसींतही दोन जाती आहेत. एकीत प्रत्येक गोष्टीला ठरीव रक्कम; बिल काहीही येवो, कंपनी तेवढेच देणार. हिचा हप्ता स्वस्त, आणि म्हणून तीच खपते. दुसरीत खर्चाचा मोठा वाटा कंपनी उचलते. समजा बिल तीस हजार डॉलर झाले, वजावट अडीचशेची आहे आणि पुढच्या पाच हजारांतले शेकडा वीस आपले. तर आपण द्यायचे २५० अधिक १,०००, म्हणजे साडेबाराशे. बाकीचे कंपनीचे, पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत. हप्ता जास्त पडतो, पण सहा महिने राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने निदान हा हिशेब कागदावर मांडून पाहावा.

आणि जुना आजार? तो सरसकट कोणीच घेत नाही. रक्तदाबाची नेहमीची तपासणी, साखरेच्या गोळ्या, गुडघ्याचे जुने दुखणे हे सारे आपल्याच खर्चाने. मात्र त्या जुन्या आजाराने एकाएकी जिवावरचा प्रसंग आणला तर काही पॉलिसी तेवढ्या प्रसंगापुरते पैसे देतात. वयाची अट असते, रकमेची असते, आणि तिथल्या बहुतेक पॉलिसींत त्रास सुरू झाल्यापासून चोवीस तासांच्या आत डॉक्टर गाठण्याचीही असते. इथल्या पॉलिसीत तो आजार फॉर्मवर सांगितलेला असावा लागतो. आम्ही शेवटी इथलीच घेतली, पोटमर्यादा नसलेली. तीत जुन्या आजारासाठी १५,००० डॉलरपर्यंतचे कलम होते. बहिणीचा आग्रह तिथल्या पॉलिसीचा होता. ती म्हणते त्यातही तथ्य होते. पण आप्पांचा तिथल्या कागदांवर विश्वास नव्हता, आणि घरातल्या वडीलमाणसाशी सगळ्याच आघाड्यांवर लढता येत नाही.

एक लहानशी खोच मात्र सांगून ठेवतो. 'सहा महिने' म्हणजे १८० दिवस नव्हेत. १० नोव्हेंबर ते ९ मे हे दिवस बोटांवर मोजा, १८१ भरतात. पॉलिसी १८० दिवसांची घेतलीत तर शेवटच्या दिवशी माणूस उघडा. तसेच व्हिसा दहा वर्षांचा असला तरी मुक्काम किती दिवसांचा, हे तिथे उतरल्यावर विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. ती तारीख पाहून घ्यावी.

पॉलिसीचे बाड घरी आले त्या रात्री आईने ते जेवणानंतर समोर घेतले. तिला इंग्रजी वाचता येते, पण अशा वेळी ती माझ्याकडून अर्थ करून घेते. एका ओळीवर तिचे बोट थांबले.

"हे काय लिहिलंय?"

ती ओळ होती, विमाधारकाचे परदेशी निधन झाल्यास पार्थिव मायदेशी आणण्याच्या खर्चाची. वीस वर्षे मराठी शिकवतो आहे, पण त्या क्षणी मला शब्द सापडेना. मी म्हणालो, "काही नाही ग. सामान परत आणण्याचा खर्च."

आईने कागद खाली ठेवला. "म्हणजे माणूस सामान झाल्यावर," ती म्हणाली. मग जरा थांबून, "हे असलेलं बरं. लेकीच्या संसारात तेवढाही घोळ नको." आणि ती सुपारी कातरायला बसली. फॉर्मवर खरे लिहायला लावणाऱ्या आईपाशी मी मात्र खोटे बोललो होतो, हे मला उशिराने जाणवले.

जाण्यापूर्वी आमच्या डॉक्टरांनी आणखी एक उपकार केला. त्यांनी आप्पांच्या आजाराचे आणि गोळ्यांचे पत्र लिहून दिले, तेही कंपन्यांनी ठेवलेल्या नावांनी नव्हे, औषधांच्या मूळ नावांनी. इथल्या औषधाच्या दुकानातली नावे तिथल्या डॉक्टरला ठाऊक नसतात. फार कशाला, आपले घरोघरचे पॅरासिटामॉल. त्याला अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. गोळ्याही मूळ वेष्टनांत, चिठ्ठीसह न्याव्या लागतात, आणि स्वतःपुरत्या साधारण तीन महिन्यांच्या. पुढच्या तीन महिन्यांची सोय आधी ठरवून ठेवावी.

डिसेंबरात नात झाली. फोनवर आप्पांचा आवाज इतका मोठा की सौ.ने स्वयंपाकघरातून विचारले, ते अमेरिकेतून बोलताहेत की गच्चीवरून. जानेवारीत बर्फ पडला त्याची छायाचित्रे आली. सगळे सुरळीत होते.

फेब्रुवारीतल्या एका रात्री दोनच्या सुमारास आप्पांना जाग आली. छातीवर पाटा ठेवल्यासारखे वाटत होते, मानेला घाम सुटला होता. त्यांनी कोणाला उठवले नाही. ते बाहेरच्या खोलीत येऊन खुर्चीत बसले. टेबलावर एक रिकामे पाकीट पडले होते. ते उलटे करून त्यांनी त्याच्या पाठीवर पेन्सिलीने आकडे मांडायला सुरुवात केली. रुग्णगाडीचे किती, इस्पितळाचे किती, गुणिले शहाऐंशी. आयुष्यभर टपालाचे वजन करून तिकिटाचा हिशेब सांगितलेला माणूस तो. बेरीज त्यांनी दोनदा केली आणि बसून राहिले. बाहेर बर्फ, आत बाळंतीण आणि दोन महिन्यांचे मूल, जावयाला सकाळी कामावर जायचे. अडीच तास!

साडेचारला नातीच्या रडण्याने आई उठली. आप्पांचा चेहरा पाहून तिने काय ते ओळखले. आप्पा म्हणाले, "उजाडेल आता. बघू." त्यावर आई जे बोलली ते बहिणीने मला नंतर सांगितले. "मग तो विम्याचा कागद काय, दुपटं म्हणून आणला होता?"

तिने जावयाला उठवले. जावयाने ९११ फिरवला आणि काही मिनिटांत गाडी दारात आली. एक गोष्ट तिथे चांगली आहे ती सांगितली पाहिजे. १९८६ च्या कायद्यामुळे तातडीच्या विभागात आलेल्या रोग्याची, त्याच्यापाशी पैसे असोत वा नसोत, आधी तपासणी करावी लागते आणि त्याची प्रकृती स्थिरावेपर्यंत उपचार करावे लागतात. बिल मागाहून येते, पण मागाहून. आप्पांना त्यांनी पहिला प्रश्न नावाचा विचारला, दुसरा गोळ्यांचा. डॉक्टरांचे ते पत्र तिथे कामाला आले. जावयाने दरम्यान पॉलिसीवरच्या नंबराला फोन करून कंपनीला खबर दिली. तो नंबर आईने पहिल्याच दिवशी फ्रिजच्या दाराला चिकटवून ठेवला होता.

झटका नव्हता. रक्तदाब नको तितका चढला होता. हृदयावर ताण आला होता. आणखी उशीर झाला असता तर काय, हे डॉक्टरांनी आप्पांना स्वच्छ शब्दांत सांगितले. दोन रात्री ठेवून घरी सोडले.

मग बिले येऊ लागली. बिल नव्हे, बिले. इस्पितळाचे निराळे, डॉक्टरचे निराळे, क्ष-किरण पाहणाऱ्याचे निराळे, गाडीचे निराळे. सगळी मिळून २१,४०० डॉलर. कंपनीने इथल्या डॉक्टरांचे पाच वर्षांचे कागद मागवले. इथे माझ्या पोटात गोळा आला; पण कागदांत जे होते तेच फॉर्मवर होते. पुष्कळ पत्रापत्रीनंतर त्यांनी जुन्या आजाराच्या कलमाखाली १५,००० डॉलर दिले. बाकीचे ६,४०० आमचे. बहिणीचे म्हणणे असे की तिथली पॉलिसी घेतली असती तर इतके पडले नसते. कदाचित खरे असेल. आप्पा यावर गप्प बसतात.

बहिणीने मात्र हार मानली नाही. तिने प्रत्येक बिलाचा तपशील, कलमवार, मागवला. तसा तो मागता येतो. नफ्यासाठी न चालवलेल्या इस्पितळांना तर गरजूंसाठी सवलतीचे लेखी धोरण ठेवणे तिथल्या कायद्याने भागच आहे. तिने अर्ज केले, फोन केले, घासाघीस केली. आपल्याकडे बोहारणीशी दोन वाट्यांसाठी हुज्जत घालणारी आई ते पाहून थक्क झाली. अखेर ६,४०० चे ३,९०० झाले, आणि तेही हप्त्यांनी.

पण सव्वातीन लाखांच्या वरची ती रक्कम द्यायची कोणी? आप्पा म्हणाले, मी मुदतीची ठेव मोडतो. जावई म्हणाले, "बाबा, तुम्ही माझ्या घरी आला होतात. घर माझं, तर आजारपणही माझ्याच घरातलं." आप्पा चार दिवस धड जेवले नाहीत. शेवटी जावयांनी अर्धी रक्कम त्यांच्याकडून घेतली. त्यांना त्या पैशांची गरज नव्हती हे मला ठाऊक आहे. तरी त्यांनी ते घेतले, याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. मे महिन्यात आप्पा विमानतळावर उतरले ते ताठ मानेने.

पेन्सिलीचे आकडे मांडलेले ते पाकीट आईने परत येताना बरोबर आणले. ते तिच्या कपाटात, पासपोर्टांच्या खाली आहे. आप्पांना हे ठाऊक नाही, आणि हा अंक त्यांच्या हाती पडेपर्यंत तरी नसावे.

नातीचा पहिला वाढदिवस डिसेंबर २०२५ मध्ये आहे. तानकाटा पुन्हा खुंटीला लागला आहे. यंदा फॉर्म आप्पांनी माझ्या हातात दिलाच नाही. सकाळी चहा घेऊन स्वतःच बसले. जुन्या आजारांच्या रकान्यात त्यांनी रक्तदाब लिहिला, काठावरची साखर लिहिली, फेब्रुवारीतला तो प्रकार तारखेनिशी लिहिला. जागा पुरेना तेव्हा वेगळा कागद जोडून त्यावर 'पुरवणी क्रमांक १' असे घालून पुढे लिहू लागले. एजंट म्हणाला, "काका, इतकं कशाला? हप्ता फार होईल."

आप्पांनी मान वर केली नाही. "होऊ दे," म्हणाले, आणि आतल्या बाजूला वळून आईला हाक मारली, "अहो, तुमचा गुडघा डावा की उजवा?"

"दोन्ही लिहा," आतून आवाज आला.